जुन्या वास्तूंचीं कृष्णधवल चित्रें

मराठी गांवगाड्यांत दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. माणगंगेच्या कांठीं, सातारा जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर वसलेल्या म्हसवडच्या परिसरांत हे दोन रंग इमारतींतही उतरलेले दिसतात. देवळांचीं व वाड्यांचीं जोतीं काळ्या पाषाणाचीं, आणि जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. त्यांत हा मुलूख पर्जन्यछायेचा. वर्षांतील बहुतेक दिवस आकाश मोकळें व ऊन लख्ख असतें. कृष्णधवल छायाचित्राला याहून अनुकूल स्थळ कोणतें असावें, असा प्रश्न कोणालाही पडेल. तरीही सिद्धनाथाच्या दर्शनाला येणारे हौशी लोक कॅमेरा घेऊन हिंडतात, आणि घरीं गेल्यावर त्यांची बहुधा निराशाच होते. डोळ्यांना भव्य दिसलेलें देऊळ चित्रांत एक राखी ठोकळा होऊन बसलेलें असतें. शिखर मागें कलंडल्यासारखें दिसतें, कोरीव काम पुसल्यासारखें दिसतें आणि आकाश कोऱ्या कागदासारखें दिसतें. दोष कॅमेऱ्याचा नसतो. तो कोठें असतो, आणि तो काढून टाकणें आज पूर्वींपेक्षां अगत्याचें कां झालें आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम अगत्याची गोष्ट घेऊं. पुण्याचा शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं आगींत सांपडला. छायाचित्रणाची कला जगापुढें आली ती १८३९ मध्यें. अवघीं अकरा वर्षें मध्यें गेलीं, आणि त्यामुळें पेशव्यांच्या त्या वैभवशाली वाड्याच्या आंतील महालांचें एकही छायाचित्र होऊं शकलें नाहीं. आज तेथें तट, दरवाजे आणि चौथरे पाहून बाकीचें कल्पनेनें उभें करावें लागतें. याच्या उलट उदाहरण अजिंठ्याचें आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानें १८४४ पासून पुढें अनेक वर्षें खपून लेण्यांतील भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या तैलरंगी नकला केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्यें तेथें आग लागली आणि त्यांतील बहुतेक सर्व जळून गेल्या. परंतु त्याच गिलनें अजिंठा-वेरूळचीं छायाचित्रेंही घेतलीं होतीं, आणि तीं जेम्स फर्ग्युसन या वास्तुशास्त्रज्ञाच्या विवेचनासह १८६४ मध्यें ग्रंथरूपानें निघालीं होतीं. वर्षांच्या श्रमांचे पडदे गेले, आणि लहानसे कागद राहिले. मुंबईस छायाचित्रकारांची मंडळी १८५४ मध्येंच स्थापन झाली होती. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या मंडळींत होते. पुढच्याच वर्षीं थॉमस बिग्ज या अधिकाऱ्याला विजापूर, बदामी व ऐहोळे येथील वास्तूंचीं छायाचित्रें घेण्याच्या कामावर नेमण्यांत आलें. म्हणजे ही विद्या या देशांत आली तीच मुळीं जुन्या वास्तूंची साक्ष ठेवण्याच्या कामीं लागली.

म्हसवडसारख्या गांवांना ही साक्ष अजून पुरती मिळालेली नाहीं. प्रसिद्ध लेण्यांचीं व किल्ल्यांचीं चित्रें असंख्य आहेत. गांवच्या वेशीचें, बारवेचें, वाड्याच्या दिंडीचें चित्र कोणी मुद्दाम घेत नाहीं. आणि नाश कांहीं आगीनेंच होतो असें नाहीं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानें एका रात्रींत सातारा जिल्ह्यांतील कितीतरी घरांची पडझड झाली. परंतु त्याहून अधिक फेरफार शांतपणें, आणि पुष्कळदां भक्तीनेंच, होत असतो. काळ्या दगडावर तैलरंग चढतो. झिजलेल्या फरसबंदीवर गुळगुळीत लाद्या बसतात. मंडपापुढें पत्र्याची शेड उभी राहते. त्यांत कोणाची वाईट बुद्धि नसते. परंतु पूर्वींचें रूप कसें होतें हें दाखविणारें एखादें स्वच्छ चित्र नसेल तर पुढील पिढीला त्याचा मागमूस लागत नाहीं. म्हणून असें चित्र नुसतें सुंदर असून भागत नाहीं, तें खरेंही असलें पाहिजे. सुदैवानें जुन्या वास्तूंच्या बाबतींत हीं दोन ध्येयें सहसा परस्परांविरुद्ध जात नाहींत.

आतां दोषाकडे वळूं. डोळा वस्तू वेगळ्या ओळखतो त्या पुष्कळ अंशीं रंगावरून. निळें आकाश, हिरवा पिंपळ, शेंदरी गणपति, काळा दगड हे चारही डोळ्यांस एकमेकांपासून सहज तुटक दिसतात. कृष्णधवल चित्रांत मात्र रंग जातो आणि फक्त उजळपणा उरतो. पिंपळाचें पान व शेंदराचा लेप यांचा उजळपणा सारखा असेल तर दोन्ही एकाच राखी छटेंत विरघळतात. म्हणून चित्र घेण्यापूर्वीं डोळे किंचित् मिटून, पापण्यांच्या फटींतून, समोरचा देखावा पाहण्याची संवय करावी. बारीकसारीक तपशील व रंगांचा भपका मावळतो आणि उजेडाचे व अंधाराचे मोठे पट्टे तेवढे दिसूं लागतात. ते पट्टे जेथें एकमेकांस शोभतात तेथें चित्र आहे, आणि जेथें सर्वच करडें दिसतें तेथें रंगीत चित्र होईल, कृष्णधवल होणार नाहीं.

यांतच कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाची एक खोड लक्षांत घ्यावी लागते. समोर काय आहे हें त्याला कळत नाहीं. समोरचें सर्व मध्यम राखी छटेचें आहे असें धरून तो माप काढतो. चौकट भरून काळी पाषाणाची भिंत असली तर तो तिला राखी करण्यासाठीं प्रकाश वाढवितो, आणि चुन्याची पांढरी भिंत असली तर तिलाही राखी करण्यासाठीं प्रकाश कमी करतो. उपाय सोपा आहे. काळ्या दगडासाठीं यंत्र सांगतें त्याहून प्रकाश निम्मा द्यावा, पांढऱ्या भिंतीसाठीं दुप्पट द्यावा. दोन्ही एकाच चौकटींत असल्या आणि ऊन कडक असलें तर दोन्ही सांभाळणें अवघड असतें. फिल्म वापरणारे जुने लोक सावलीकडे पाहून प्रकाश देत, कारण फिल्मवर सावलींतला गेलेला तपशील परत येत नाहीं. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांत नियम उलटा होतो. तेथें जळालेला पांढरा भाग परत येत नाहीं, म्हणून उजळ भाग सांभाळावा.

परंतु या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे वेळ. कोरीव काम दिसतें तें दगडामुळें नव्हे, त्याच्या सावलीमुळें दिसतें. भिंतीवर एक इंच उठावाची वेलपत्ती आहे असें समजा. ऊन भिंतीवर जवळजवळ समोरून, सत्तर अंशांनीं, पडलें तर तिची सावली इंचाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकी पडते. पंचेचाळीस अंशांनीं पडलें तर एक इंच, आणि ऊन भिंतीला घासून, वीस अंशांनीं, आलें तर पावणेतीन इंच. वेलपत्ती तीच असतां एका वेळीं ती नाहींशी होते व दुसऱ्या वेळीं बोटानें चाचपावी इतकी उठून दिसते. पूर्वाभिमुख देवळाचें चित्र सूर्योदयाच्या कोवळ्या उन्हांत घ्यावें असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. त्या वेळीं ऊन दर्शनी भागावर अगदीं समोरून येतें, आणि कोरीव काम सपाट होतें. थंडीच्या दिवसांत साडेदहाच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे सरकलेला व वर चढलेला असतो. त्याचे किरण त्याच भिंतीला तिरके घासून जातात, आणि प्रत्येक कंगोऱ्याखालीं सावलीची रेघ उमटते. घाई न करितां चार तास थांबणाराला चित्र मिळतें.

दिवसाप्रमाणें ऋतूचाही हिशेब आहे. म्हसवड विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेसतरा अंशांहून किंचित् पुढें आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथें सूर्य पूर्व बिंदूच्या दक्षिणेस सुमारें पंचवीस अंशांवर उगवतो, आणि भर दुपारींही एकूणपन्नास अंशांवर चढत नाहीं. त्यामुळें देवळाच्या दक्षिण भिंतीवर दिवसभर ऊन खेळतें व उत्तर भिंत सबंध हिंवाळा सावलींत असते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत एके दिवशीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर ऑगस्टच्या आरंभापर्यंत तो दुपारीं किंचित् उत्तरेकडे झुकलेला असतो. अर्थात् उत्तर भिंतीवरील शिल्पावर भर दुपारचें तिरकें ऊन पाहावयाचें असेल तर मेच्या मध्यापासून मृगाचे ढग येईपर्यंतचे दोन-तीन आठवडेच हातीं असतात. जो मनुष्य यात्रेच्या निमित्तानें एकदांच जातो त्याला देवळाची एक बाजू कधींच दिसत नाहीं. त्या गांवीं राहणाराला हें भाग्य सहज लाभलेलें असतें, म्हणून गांवच्या वास्तूंचें चित्रण गांवकऱ्यांनींच करावें हें उत्तम.

वेळेनंतर उभें राहण्याची जागा. शिखर मागें कलंडल्यासारखें दिसतें तें कॅमेरा वर उचलल्यामुळें. कॅमेरा जमिनीशीं समतल धरला तर खांब व भिंती उभ्याच राहतात. तो वर तिरका केला कीं सर्व उभ्या रेषा वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकतात. मग समतल धरून उंच शिखर चौकटींत मावावें कसें? साधा हिशेब करतां येतो. छत्तीस मिलिमीटर लांबीच्या फिल्मचा कॅमेरा उभा धरला व त्यास पन्नास मिलिमीटरचें भिंग असलें, तर पांच फूट उंचीवरील डोळ्यास पन्नास फूट उंचीचें शिखर पुरतें घेण्यासाठीं सुमारें सव्वाशें फूट मागें सरावें लागतें. अठ्ठावीस मिलिमीटरचें रुंद भिंग असलें तर सत्तर फूट पुरतात. जुन्या गांवच्या बोळांत तेवढें अंतर बहुधा मिळत नाहीं. तेव्हां दुसरा मार्ग म्हणजे उंच जाण्याचा. समोरच्या घराच्या माळवदावरून, शिखराच्या निम्म्या उंचीच्या पातळींतून, कॅमेरा समतल धरला तर जवळूनही संपूर्ण शिखर सरळ उभें राहतें. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंगाची फळी वर सरकविण्याची सोय याच कारणासाठीं असे. संगणकावर मागाहून रेषा सरळ करतां येतात, परंतु त्यांत कडा कापल्या जातात व प्रमाणही थोडें बिघडतें. जागा शोधणें हा पहिला उपाय, दुरुस्ती हा शेवटचा.

समतल कॅमेऱ्याचा एक परिणाम असा होतो कीं चौकटीचा खालचा अर्धा भाग जमिनीनें व्यापला जातो. नवशिक्याला तो वाया गेलेला वाटतो. वस्तुतः रचनेची कसोटी तेथेंच असते. झिजलेल्या पायऱ्या, प्रदक्षिणेची फरसबंदी, दीपमाळेची लांब सावली, यांपैकीं कांहींतरी त्या अर्ध्या भागांतून डोळ्याला देवळापर्यंत चालत नेऊं शकतें. देवळाकडे जाणारा मनुष्य जसा पायरी, उंबरठा, मंडप व गाभारा या क्रमानें आंत जातो, तोच क्रम चित्रांत राखावा. महाद्वाराच्या काळोख्या कमानींतून पलीकडचें उजळ प्रांगण घेतलें तर कमान आपोआप चौकट होते, आणि वास्तूचीं दोन अंगें एकमेकांशीं कशीं जोडलीं आहेत हेंही कळतें. अगदीं मध्यभागीं उभें राहून घेतलेलें चित्र गंभीर व स्थिर वाटतें, आणि तें देवळाला शोभतें. कोपऱ्यावरून घेतलेल्या चित्रांत दोन बाजू दिसून इमारतीची खोली कळते. दोन्ही घ्यावीं. प्रमाण कळण्यासाठीं चौकटींत एखादें माणूस असूं द्यावें. पुराणवस्तूंच्या जुन्या पाहणींत कित्येकदां शिल्पाशेजारीं मापाची काठी किंवा एखादा मनुष्य उभा केलेला दिसतो, तो याचसाठीं. त्याच्याविना दहा फुटांचा दरवाजा व तीन फुटांचा कोनाडा यांत भेद उरत नाहीं.

आकाश कोरें कां येतें, याचें उत्तर रंगांच्या शास्त्रांत आहे. आरंभींच्या छायाचित्रणाच्या काचांना केवळ निळा-जांभळा प्रकाश जाणवे. त्यामुळें निळें आकाश त्यांवर पांढरेंफेक उतरे आणि तांबडी वस्तु काळी होई. १८७३ मध्यें हेर्मान फोगेल या जर्मन रसायनज्ञानें काचेवरील लेपांत रंगद्रव्य मिसळून ही उणीव कमी करण्याचा मार्ग दाखविला, आणि १९०६ पासून सर्व रंग जाणणाऱ्या काचा बाजारांत मिळूं लागल्या. तरी निळ्याची ओढ पुरती गेली नाहीं. म्हणून भिंगापुढें रंगीत काच, म्हणजे फिल्टर, लावतात. नियम एवढाच कीं फिल्टर आपल्या रंगाच्या वस्तूला उजळ करतो व विरुद्ध रंगाच्या वस्तूला काळवंडवितो. पिवळा फिल्टर आकाश थोडें गडद करतो व ढग उठवितो. त्याला प्रकाश दुप्पट लागतो. नारिंगीला सुमारें चौपट व तांबड्याला आठपट. तांबड्यानें आकाश जवळजवळ काळें होतें. डिजिटल कॅमेऱ्यांत रंगीत चित्र घेऊन मागाहून कृष्णधवल करतांना हाच निवाडा संगणकावर करतां येतो.

देवळाच्या चित्रांत या निवाड्याला विशेष महत्त्व आहे, कारण तेथें शेंदूर असतो. तांबडा फिल्टर लावला तर शेंदरानें माखलेली मूर्ति चुन्यासारखी पांढरी दिसते. हिरवा लावला तर तीच मूर्ति डांबरासारखी काळी होते. शिखरावरच्या भगव्या निशाणाचीही तीच गत. तांबड्यानें तें काळ्या आकाशावर पांढरें फडकतें, निळ्यानें उजळ आकाशावर काळें. दोन्ही चित्रें डोळ्यांत भरतात, परंतु भाविकाच्या मनांतील शेंदूर पांढराही नसतो आणि काळाही नसतो. अशा ठिकाणीं फिक्या पिवळ्या फिल्टरावर थांबावें. आकाशाला थोडी छटा येते आणि शेंदूर आपल्या जागीं राहतो. नाट्य साधण्यासाठीं खोटें बोलण्याचा मोह या कलेंत पदोपदीं असतो, त्याचें हें एक उदाहरण.

आंतील भागाचें चित्रण संयमाचें काम आहे. सभामंडपाच्या खांबांवर दाराकडून येणारा एकेरी उजेड पडतो. तो खांबाच्या एका अंगावर उजळ, मध्यें मंद व पलीकडे गडद होत जातो, आणि तेवढ्यानेंच खांबाची गोलाई व पैलू कळतात. फ्लॅशचा दिवा लावला कीं ही चढउतार नाहींशी होते. त्याऐवजीं कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर घट्ट बसवावा व कित्येक सेकंद उघडा ठेवावा. खांबाची काळी बाजू फारच काळी राहत असेल तर तिच्यासमोर कोणीतरी पांढरें धोतर किंवा चादर ताणून धरावी. तिच्यावरून परतलेला उजेड पुरेसा असतो. तेलानें माखलेल्या दगडावर चकाकी येते. ती भिंगापुढें ध्रुवक फिल्टर फिरवून बरीच कमी करतां येते. गाभाऱ्यांत चित्र घेण्यास मनाई असेल तेथें ती पाळावी. दगडांचीं छायाचित्रें घेणारानें देवाची व पुजाऱ्याची मर्यादा मोडूं नये.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस, देवदिवाळीच्या दिवशीं, म्हसवडांत सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो. गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि चांगभल्याच्या गजरांत सगळें गांव रस्त्यावर लोटतें. त्या दिवशीं वास्तूचें चित्र घेण्याचा प्रयत्न कित्येकांना व्यर्थ वाटतो, कारण माणसांत दगड बुडून जातो. तें खरें नाहीं. रस्त्याची रुंदी, ओट्यांची उंची, माळवदांचे कठडे यांचा उपयोग कशासाठीं आहे तें रथ समोरून जातांनाच समजतें. एखाद्या माळवदावर आगाऊ परवानगीनें जागा धरावी. भिंगास गुलालापासून जपावें. रथ चौकटीच्या मध्यावर येण्याची वाट न पाहतां तो एका अंगाला असतांनाच चित्र घ्यावें, म्हणजे दोर ओढणारी रांग व पुढचा मोकळा रस्ता दोन्ही येतात. यात्रा संपल्यावर तोच रस्ता त्याच जागेवरून पुन्हां, रिकामा, घ्यावा. हीं दोन चित्रें शेजारीं ठेवलीं कीं ती वास्तु कोणासाठीं आहे हें सांगावें लागत नाहीं.

शेवटीं सत्याचा प्रश्न राहतो. चौकटींत विजेची तार येते, पाण्याची निळी टाकी येते, जाहिरातीचा फलक येतो. दोन पावलें सरकून त्या टाळणें हें रचनेचें कौशल्य आहे व तें निर्दोष आहे. संगणकावर त्या पुसून टाकणें निराळें. पुसलेलें चित्र भिंतीवर टांगण्यास चालेल, परंतु साक्ष म्हणून चालणार नाहीं. उद्यां कोणी त्यावरून त्या वर्षाचें गांव उभें करूं लागला तर त्याची फसगत होईल. म्हणून प्रत्येक वास्तूचें निदान एक चित्र असें असावें कीं ज्यांत कांहीं लपविलेलें नाहीं.

हें काम मोठ्या संस्थेची वाट पाहण्यासारखें नाहीं. म्हसवडच्या शिवेवरचा राजेवाडीचा तलाव १८७६-७७ च्या दुष्काळांत लोकांना काम मिळावें म्हणून हातीं घेतला गेला. ज्या हातांनीं तो बांधला त्यांचीं नांवें कोठें कोरलेलीं नाहींत, पण बांध उभा आहे. त्याचें, वेशीचें, बारवेचें, आपल्या वाड्याच्या दिंडीचें चित्र घेण्यास एक साधा कॅमेरा, किंबहुना खिशांतील मोबाइलही, पुरतो. दर वास्तूचीं चार बाजूंनीं चार चित्रें, एक दुरून सगळीचें, एक दारांतून आंत पाहणारें आणि दोन-तीन कोरीव कामाचीं, शेजारीं मापाची पट्टी ठेवून, एवढा संच पुरे. तीं चित्रें टिकाऊ कागदावर छापून घ्यावीं. प्रत्येकाच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें गांव, वास्तु, दिशा, तारीख आणि वेळ लिहावी, आणि एक प्रत गांवच्या वाचनालयांत किंवा शाळेंत ठेवावी. वेळ लिहिण्यास विसरूं नये. पुढें कोणी त्याच जागीं, त्याच महिन्यांत, त्याच घटकेला उभा राहील, तेव्हां त्याच उन्हांत त्याला दोन चित्रांतील फरक मोजतां येईल.